मुरडीला ती काय म्हणायची

काचेच्या कपाटात, एग पफ आणि चॉकलेट केकच्या मधोमध, माझ्या आईच्या करंज्या मांडून ठेवल्या होत्या. क्षणभर मला खरंच तसं वाटलं. तोच अर्धा चंद्र, तेच टम्म पोट, आणि कडेला एकावर एक चढत गेलेली तीच बारीक मुरड. रंग तेवढा अंमळ तांबूस होता, कारण त्या तळलेल्या नव्हत्या, भट्टीत भाजलेल्या होत्या. पुढे टेकवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत एक नाव होतं, ते मला धड वाचताही येईना.

बाबांचे डोळे तपासून आम्ही बेंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या त्या बेकरीत शिरलो होतो. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्यांना सगळं पुसट दिसत होतं आणि मी त्यांचा दंड धरून चालत होते. तरी ते कपाटाशी थांबले. काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाले, “करंज्या?”

हा एक शब्द ऐकून मी चमकले. आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून बाबा येलहंक्याला माझ्या घरी राहत होते आणि त्यांनी आपण होऊन कशाचंही नाव घेतलं नव्हतं. विचारलं तर हो किंवा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांच्या मागे लागून घर डोक्यावर घेतलं, तो माणूस महिनोन् महिने हो आणि नाही यावर जगत होता. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

“करंजी नही अंकल, एम्पनाडा,” गल्ल्यामागची मुलगी म्हणाली. “स्पॅनिश है. वेज भी है, चिकन भी.”

“एम्पनाडा,” बाबा पुटपुटले. पुन्हा एकदा, तोडून. “एम. पान. आडा. पान आहे बघ मधे! पानात गुंडाळलेलं असणार. आपल्या पातोळ्या नाहीत का हळदीच्या पानातल्या, तसं.” मग त्या मुलीला त्यांनी अर्थ विचारला. तिने बिचारीने मोबाइल काढला, शोधला आणि वाचून दाखवलं. त्यांच्या भाषेत पान म्हणजे ब्रेड. ब्रेडमध्ये लपेटलेलं ते एम्पनाडा.

बाबा चुकले होते. चुकले की पूर्वी ते चिडायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. “अगं, म्हणजे पाव! आपला पाव आला पोर्तुगिजांकडून, आणि हा शेजारच्या स्पेनमधला. दोघांची आजी एकच, लॅटिन. हा पाहुणा आपल्या नात्यातला निघाला!” मला इतका आनंद झाला की किंमत न बघता मी दोन एम्पनाडे मागवले. आत बटाटा, मटार आणि कसलासा मसाला होता. चवीला सामोशाचा चुलतभाऊ.

बाबांनी खाल्ला नाही. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते त्याच्या कडेवरून तर्जनी फिरवत बसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, प्रत्येक चुणीवर थांबत. मग बोट तिथेच ठेवून त्यांनी विचारलं,

“हिला ती काय म्हणायची गं?”

“कोण, आई? मुरड. मुरडच म्हणायची.”

“नाही. त्याच्या आधी. तिचा वेगळा शब्द होता.”

मला वेगळा शब्द आठवेना. मी आठवत राहिले, आणि आठवलं ते सगळं भलतंच होतं.

आठवली आमची कॉलनी, त्या बेकरीपासून हाकेच्या अंतरावरची. कारखान्याची क्वार्टर्स, चुन्याने रंगवलेली, प्रत्येक दारापुढे कुंपणाला मेंदी आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करंजाची झाडं. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास त्यांची फुलं गळायची. पांढरट जांभळ्या फुलांचा सडा इतका दाट, की सायकलच्या चाकाखाली चरचर आवाज यायचा. आई त्या झाडांना होंगे म्हणायची, कारण सगळं बेंगळूर त्यांना होंगे म्हणतं. बाबा खाली पडलेली एखादी शेंग उचलून आम्हा भावंडांना दाखवायचे. “बघा. करंजाची शेंग. हिच्या आकारावरून करंजी.” आई म्हणायची, “होंगे आहे ते.” आणि करंजीला ती म्हणायची करजीकाय.

बाबा साताऱ्याचे. इंजिनियर म्हणून नोकरीला इथे आले. आई इथलीच, पेटेतली, म्हणजे जुन्या बाजारपेठेतली. तिच्या माहेरचे लोक कोण जाणे कोणाच्या फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. शतकं लोटली, पण घरात मराठी टिकलं. टिकलं म्हणजे कन्नडच्या शेजारी बसून जसं टिकेल तसं. त्या मराठीत ‘थोडं’ नव्हतं, ‘स्वल्प’ होतं. ‘उगीच’ नव्हतं, ‘सुम्मने’ होतं. आणि निर्जीव वस्तूंना बाई-पुरुष करण्याची पद्धत नव्हती, कारण कन्नडात ती नाहीच. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “ते वाटी दे इकडे.” बाहेरच्या खोलीतून, पेपरातून मान वर न करता बाबा म्हणायचे, “ती वाटी.”

“वाटी काय बाईमाणूस आहे काय, ती म्हणायला?” आई विचारायची.

आम्ही खो खो हसायचो. आईही हसायची. हे अगदी सुरुवातीचं.

दिवाळीच्या आधीचे ते दिवस. बेंगळूरला तेव्हा सकाळी धुकं असायचं, ओल्या मातीचा आणि कुठेतरी लवकर उडवलेल्या लवंगीचा वास. आई जमिनीवर पेपर पसरून बसायची. एकीकडे ओल्या फडक्याखाली पीठ, एकीकडे परातीत सारण. तिच्या सारणात खोबरं, खसखस, वेलदोडा असायचा आणि डाळव्याचं कूटही, तिच्या माहेरच्यासारखं. बाबा म्हणायचे हे लाडवाचं सारण आहे, आणि मुठी भरभरून खायचे. लाटण्याबरोबर बांगड्यांचा आवाज. पारी तळहातावर, चमचाभर सारण, कडेला दुधाचं बोट, मग मिटायची, आणि मग अंगठा आणि पहिलं बोट चालू लागायची. दाब, उचल, वळव. दाब, उचल, वळव. कातणाने कापलेल्या शेजारच्यांच्या करंज्या आम्हाला गरीब वाटायच्या. तेलात पडल्यावर एखादीही फुटली नाही की आई पदराने कपाळ पुसून आमच्याकडे बघायची.

मधूनच कारखान्यात इंजिनाची चाचणी सुरू व्हायची. खिडकीच्या काचा थरथरायच्या, एकमेकांचं बोलणं ऐकू येणं अशक्य. आई बोलता बोलता थांबायची, हात चालूच. आवाज थांबला की जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच, त्याच शब्दापासून ती पुढे सुरू करायची. आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो. पुढे कधीतरी असं झालं की आवाज थांबला तरी ती गप्पच राहू लागली. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. असल्या गोष्टींना सुरुवात नसते, आपल्या लक्षात येते तेव्हा त्या जुन्या झालेल्या असतात.

साताऱ्याहून नातेवाईक यायचे तेव्हा ती फक्त ‘हो’, ‘घ्या ना’, ‘अजून वाढू?’ एवढंच बोलायची. ही वाक्यं बिनचूक होती. एक आत्या तर म्हणाली होती, “वहिनी किती शांत आहे हो.” बाबांना त्याचं कौतुक वाटलं होतं. हौसेला, रागाला, जिभेला, सगळ्याला आईने अशी बारीक मुरड घातली होती की आतलं काही सांडलं नाही. आम्ही आपले तिच्या करंज्यांची मुरड वाखाणत बसलो.

सुट्टीत मात्र पेटेत मामांकडे गेलो की आमची आई वेगळी असायची. ॲव्हेन्यू रोडच्या मागची अरुंद गल्ली, खाली कापडाचं दुकान, वर लाकडी जिना. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ती बोलायला लागायची ते परत निघेपर्यंत. तिथे उदबत्तीचा, मोगऱ्याचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास असायचा आणि त्यात चार बायकांचं एकदम बोलणं. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. शहाण्या मुलीसारखी मी एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची आणि आईचा आवाज ऐकत झोपून जायची.

बेकरीतून निघाल्यावर बाबा म्हणाले, “कॉलनीवरून ने.” मी रिक्षावाल्याला सांगितलं. तो “सरी” म्हणाला आणि वळला. क्वार्टर्स रिकामी आहेत, दारांना फळ्या ठोकल्या आहेत. झाडं तेवढी अजून उभी आहेत आणि त्यांच्या सावलीत ऑफिसांच्या बसगाड्या लावलेल्या असतात. आमचं घर कुठलं ते मला ओळखता आलं नाही. बाबांना तर दिसतच नव्हतं. पण सावली अंगावर आली तसे ते बोलू लागले.

“लग्नानंतरची पहिली दिवाळी. तुझी आजी साताऱ्याहून आली होती. मी चहा पीत उंबऱ्यात बसलो होतो. तुझ्या आईने पारी मिटली, कडेकडे बोट केलं आणि आजीला विचारलं, ह्याला अमुक घालू काय? तो शब्द असा काही गमतीदार होता ना, की मला हसू फुटलं. हसलो म्हणजे किती, चहा सांडला लेंग्यावर. आजीही हसली.”

“मग?”

“मग मी सांगितलं, त्याला मुरड म्हणतात. ती म्हणाली, सरी. झालं. त्यानंतर मुरडच म्हणत आली.” “तिच्या माहेरचा शब्द असणार. जुना असणार, कुठेच न राहिलेला. मी तेव्हा विचारायला हवा होता, कुठून आला म्हणून. मी हसलो. आता रोज सकाळी उठलो की तो शब्द जिभेवर येतोय असं वाटतं आणि येत नाही.”

तर हे होतं. वर्षभराच्या त्या हो आणि नाहीच्या मागे हे होतं. माणूस बायकोचा एक शब्द शोधत होता, आणि तो शब्द घरातून जावा याची व्यवस्था त्याने स्वतःच केली होती. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची इतकी दया आली की मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

रविवारी आम्ही अण्णामामांकडे गेलो. अण्णा म्हणजे आईचा थोरला भाऊ, घर तेच, लाकडी जिन्याचं. मामीने पितळी दवऱ्यात, खोलगट वाटीत, कॉफी आणून ठेवली. “कम, कम, भावजी,” अण्णामामा म्हणाले. “हाउ इज द आय नाउ?” ते बाबांशी नेहमी इंग्रजीत बोलत. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं आपापसात अशीच बोलत असतील.

बाबांनी प्रास्ताविक केलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक करंजी मिटली, तिच्या कडेवर अंगठा चालवला आणि विचारलं, “अण्णा, ह्याला तुमच्या घरात काय म्हणायचे?”

“प्लीट,” अण्णामामा म्हणाले.

“इंग्रजी नाही. तुमच्या घरात. तुमची आई काय म्हणायची?”

अण्णामामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. “आमच्यात नव्हतं ते,” ते जपून, एकेक शब्द वेचत म्हणाले. “आमच्यात चाक फिरवायचे. चाकाने कापायचं. हाताने वळवायचं कोणाला येत नव्हतं.” मामीला त्यांनी हाक मारून विचारलं. ती म्हणाली, अगदी खरं, ह्या घरात सगळ्या जणी चाकच फिरवतात, हाताचं काम वन्सं सासरी जाऊन शिकल्या.

“पण तिचा शब्द होता,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मी ऐकलाय. माझ्या कानांनी ऐकलाय.”

“हां, असेल की,” अण्णामामा म्हणाले. आणि मग ते हसले, आठवण आल्यासारखे. “ती सगळ्याला नावं ठेवायची.”

बाबा दचकले. आमच्या मराठीत नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. माझ्या आईने उभ्या जन्मात कोणाला नाव ठेवलं नव्हतं. आमच्या घरात ते काम दुसरंच माणूस करत होतं, आणि ते माणूस आता मामांसमोर बसलं होतं. बाबांचे ओठ हलले. शब्द दुरुस्त करायला ते असेच हलत आले होते. मी मनात म्हटलं, आता नको, बाबा.

पण अण्णामामांचं लक्ष नव्हतं. ते बहिणीच्या लहानपणात जाऊन पोचले होते. “काय पण नवीन बघितलं की त्याला नाव ठेवायची. सुम्मने, आपल्या मनाने. उशीला गुबडू. पाट्याला धोंडप्पा. जिन्यातलं एक पायरी मोडलेलं होतं, किर्र किर्र करायचं, त्याला किर्रम्मा. आमचे आप्पा घरात आले की म्हणायचे, किर्रम्मा बरं आहे काय. सगळं घर त्याच नावाने बोलायचं. नवीन वस्तू घरात आलं की आम्ही थांबायचो, हिने काय नाव ठेवलं बघू म्हणून. ते काय कन्नड नाही, मराठी नाही. तिचंच ते.”

खालच्या गल्लीतून एका टेम्पोचा हॉर्न आला आणि गेला.

मला समजायला थोडा वेळ लागला. बाबांना लागला नसावा. तो शब्द जुना नव्हता. कुठल्या फौजेबरोबर आला नव्हता, कुठल्या माहेरात जपलेला नव्हता. त्या दिवाळीच्या सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात, सासूने नव्या सुनेला पहिल्यांदाच मुरड घालून दाखवली होती. सुनेने ती सुंदर वस्तू पाहिली होती आणि तिला आवडली म्हणून तिचं नाव ठेवलं होतं. नवं घर आता आपल्या नावाने बोलेल, असं तिला वाटलं असणार. बाबा उंबऱ्यातच बसले होते.

“म्हणजे तो कुठेच मिळणार नाही,” ते म्हणाले.

“तिचं होतं ना, भावजी. आम्हाला कसं येणार?” आणि एवढं बोलून झाल्यावर अण्णामामांना आपण कोणासमोर बोलतो आहोत याची आठवण झाली. ते ओशाळले. सावरून बसले. “सॉरी. व्हॉट आय मीन इज, शी वॉज व्हेरी इमॅजिनेटिव्ह ॲज अ चाइल्ड.”

“इंग्रजी नको,” बाबा म्हणाले.

“माझं मराठी तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला त्रास होतो.”

“नाही होत.” बाबांनी चष्मा काढला. डोळे वाहत होते, आणि ते औषधाने नव्हे. “अण्णा, तुम्ही दोघं एकाच घरात बोलायला शिकलात. तुम्ही बोला. ती इथे बसून बोलायची तसं.”

“काय बोलू?”

“काहीही.”

अण्णामामा बराच वेळ मांडीवरच्या पंच्याचं टोक चाचपत राहिले. मामी दारात उभी होती, तिने डोळ्याने बोला म्हणून खुणावलं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि समोरच्या घराविषयी सांगायला सुरुवात केली. ते घर पाडणार म्हणे, कोणीतरी मारवाड्याने घेतलं, आता तिथे सात मजल्यांचं लॉज उठणार, ऊन येणार नाही, पापड कुठे वाळवायचं. आधी अडखळत, मग वेगाने. वाक्याच्या शेवटी आवाज उचलण्याची ती लकब, दोन वाक्यांमधलं, ‘हो ना’ विचारणारं ते ‘अल्वा’, आणि सगळ्या वस्तूंवर सारखीच माया करणारं ते ‘ते’. गल्ली ते, गच्ची ते, भिंत ते. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, पण बोलणं माझ्या आईचं होतं, आणि मी इतक्या वर्षांनी प्रथमच ते झोपून न जाता ऐकत होते.

कॉफी गार झाली. बाबा पुढे वाकून ऐकत होते, आणि मधे एकदाही त्यांनी तोंड उघडलं नाही.